नाश्त्याला मागायचं नसतं

सोमवार, ४ ऑगस्ट

बटण,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच, त्यामुळे मी कोण ते लिहीत बसत नाही. फोन केला असता. पण सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे पलीकडचं माणूस रिसीव्हर कधी आपटणार ते मला आधीच कळतं. पत्राचं तसं नाही. रागारागाने का होईना, तू ते शेवटपर्यंत वाचशील. पानातलं टाकायचं नाही आणि हातातलं पुस्तक मधेच सोडायचं नाही, ही बोर्डिंगची सवय तुझीही सुटली नसणार.

इतक्या वर्षांनी लिहायला कारण तूच दिलंस. तुझ्या लेकीने तुझा मेसेज मला वाचून दाखवला. ‘पोरीला माझ्याकडे पाठवून दे, ताईकडे तिची आबाळ होतेय.’

आबाळ! एवढ्या लांबून तुला माझं स्वयंपाकघर दिसतं वाटतं. मग ऐक, इथे काय चालतं ते. तुझी लेक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळच्या पाळीला जाते, म्हणजे उजाडायच्या आत घराबाहेर. तुझा जावई बोटीवर, तो घरी असतो तेव्हा पाहुण्यासारखा असतो. त्या दोघी माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायला आल्यापासून तुझी नात दप्तर घेऊन खाली माझ्याकडे येते, नाश्ता करते आणि बस पकडते. निदान नाश्ता करते असं मी समजत होते. रोज टेबलावर उकडलेलं अंडं, लोणी लावलेला टोस्ट, केळं, आणि कपभर दूध. याला आबाळ म्हणतात का? मग आपलं बालपण म्हणजे दुष्काळच म्हणायचा.

गेल्या गुरुवारी ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना भोवळ येऊन पडली. हनुवटी पायरीवर आपटली, टाके पडले. शाळेतल्या नर्सबाईंनी विचारलं, आज काय खाल्लंस? तर म्हणाली, काही नाही. आणि काल? काही नाही.

संध्याकाळी तुझी लेक माझ्या दारात उभी.

“मावशी, तू तर म्हणाली होतीस, रोज खाते.”

“रोज देते, असं म्हणाले होते.”

“देणं वेगळं आणि खाणं वेगळं, मावशी.”

हे वाक्य म्हणताना तिची मान हुबेहूब तुझ्यासारखी वाकडी झाली. मी गप्प बसले, यावरून माझी अवस्था काय होती ते ओळख.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला, तोही पोस्टमनकडून. तो जिन्यातून वर आला आणि म्हणाला, “बाई, तुमच्या बिल्डिंगमधल्या रिकाम्या फ्लॅटच्या पेटीत कोणीतरी अंडी टाकतंय. उकडलेली. टपाल कुठे ठेवू?” जाऊन बघते तर अंडी, टोस्ट, काळी पडलेली केळी. मुंग्यांची बारशी चालली होती आत. आणि दूध कुठे जात होतं ते माझ्या बाल्कनीतलं झाड का मेलं यावरून कळलं. त्याला कीड लागली म्हणून मी महिनाभर औषध मारत होते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण फटकळ आहेत, त्यामुळे मला आवडल्या. त्यांनी नातीला समोर बसवून सांगितलं, “रात्री जेवतेस आणि मग एकदम दुपारी डबा उघडतेस. मधले सगळे तास तुझं शरीर कशावर चालवायचं? उंची वाढतेय, हाडं भरतायत, दर महिन्याला रक्त जातंय, वर गणितं सोडवायची आहेत. रिकाम्या पोटी डोकं चालत नाही, फक्त चिडचिडं होतं.” मी मागे बसून मान हलवत होते. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि आजी, वाढत्या वयात डाएट-बिएट काही नाही हं.” जणू मीच तिला उपाशी ठेवून बारीक करत होते.

तर तुझ्या लेकीचं आता असं ठरलंय. सहामाहीच्या सुट्टीपर्यंत वाट बघायची. तोवर वजन वाढलं नाही, तर पोरगी तुझ्याकडे. शाळाही तिकडचीच.

न्यायची तर ने. माझं काही म्हणणं नाही. मलाही सकाळी उशिरापर्यंत लोळता येईल.

तुझी थोरली बहीण
(कागदोपत्री)


बुधवार, २० ऑगस्ट

बटण,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या पत्राला एका ओळीचं उत्तर, तेही मायना नाही, सही नाही. ‘सकाळी तू तिच्यासमोर उभी राहतेस की शेजारी बसतेस?’

उभी राहते. ओट्याला टेकून, चहाचा कप हातात घेऊन उभी राहते, आणि ती खाते की नाही त्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवते. माझं स्वतःचं खाणं त्याच्या कितीतरी आधी उरकलेलं असतं. आणि एवढी नजर ठेवूनही ती अंडं बाहीत कसं सरकवत होती, ते मला अजून समजलेलं नाही. टेलिफोनची बेल किंवा दुधाचं पातेलं, दोन्हींपैकी काहीतरी तिला मदत करत असणार.

तुझी ती ओळ वाचून मी आधी चिडले. कार्ड दोनदा उलटंसुलटं केलं, आणखी काही लिहिलंय का बघायला. मग ते फळीवर टेकवून ठेवलं आणि कांदा चिरायला घेतला, आणि काय सांगू, मला एकदम फरशीच्या पॉलिशचा वास आला. बोर्डिंगच्या जेवणघरातला. पॉलिश, किंचित करपलेलं दूध, आणि आपल्या सगळ्यांच्या ओल्या वेण्या.

तुला पहिला आठवडा आठवतो का? तू सहा वर्षांची. बाबांची बदली धरणाच्या कामावर झालेली, आई जाऊन वर्षही झालेलं नव्हतं, आणि तुझ्या युनिफॉर्मचं वरचं बटण पहिल्याच दिवशी लोंबायला लागलं होतं. पुढे ते शिवलं तरी लोंबतच राहिलं, म्हणून तर तू बटण. वयाप्रमाणे टेबलं. तू खिडकीजवळच्या लहान टेबलाशी, मी भिंतीकडच्या मोठ्या. नाश्त्याला बोलायचं नाही. आणि स्वतःसाठी काही मागायचं तर मुळीच नाही. दूध दे, लोणी दे, मला अजून लापशी हवी, यातलं काहीही तोंडातून काढायचं नाही. शेजारणीच्या ताटलीकडे बघायचं, तिची रिकामी दिसली की आपण विचारायचं, ‘तुला हवं का?’ तेवढीच तीन अक्षरं काढायची परवानगी. किती अक्षरं झाली ते तू मोजत बसू नकोस.

मोठ्या मुलींना हे अंगवळणी पडलेलं होतं. पण तुझ्या शेजारी ती झोपाळू आली होती, जी डोळे उघडे ठेवून झोपायची. तिला स्वतःची ताटली दिसायची नाही, तुझी कुठून दिसणार? मी भिंतीकडून बघत होते. तुझी वाटी रिकामी. लापशीचं भांडं तुझ्यापासून हातभर लांब. तू हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, शिकवल्याप्रमाणे बसलेली. आणि हनुवटी थरथरतेय. ते दृश्य रोज सकाळी. मला माझा घास गिळवत नव्हता.

शेवटी मी घड्याळ सिस्टरांकडे गेले. त्या जेवणघर बघायच्या आणि घड्याळ कमरेला लावून फिरायच्या. मी म्हटलं, “सिस्टर, माझी बहीण उपाशी राहते. तिला एकदा मागू द्या.” त्या म्हणाल्या, “नियम मोडायचा नाही.” मी तिथेच पाय रोवून उभी. तेव्हाही माझी जीभ अशीच होती, फक्त तिला सिस्टरांपुढे चालायला जागा नव्हती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “नियम मोडायचा नाही, पण खुर्ची हलवता येईल.”

मग काय. वर्षभर मी बारक्या पोरींच्या टेबलाशी, त्यांच्या बारक्या खुर्चीवर, गुडघे पार छातीला लावून बसले. सगळं बोर्डिंग हसत होतं. मोठ्या मुली मला ‘पहिलीतली म्हातारी’ म्हणायच्या. पण तुझी वाटी कधी रिकामी राहिली नाही. आणि तू दोन दिवसांत ती युक्ती शोधून काढलीस, जी पुढे अख्ख्या टेबलाने उचलली. आपल्याला दूध हवं असलं की शेजारणीला विचारायचं, ‘तुला दूध हवं का?’ शेजारीण शहाणी असली तर म्हणायची, ‘नको. तुला हवं का?’ झालं काम! नियम शाबूत आणि पोटही भरलं. घड्याळ सिस्टरांना ते ऐकू यायचं, आणि त्या नेमक्या त्याच वेळी घड्याळाला किल्ली द्यायला लागायच्या.

उन्हाची ती तिरपी पट्टी टेबलावरून सरकत यायची, आठवते? आपल्यापाशी आली की घंटा व्हायची. त्या लापशीला चव नव्हती. मीठ कधी विसरलेलं, साखर कधी विसरलेली. पण दुपारपर्यंत कधी पाय लटपटले नाहीत आपले. सकाळच्या तासाला मी नकाशे काढायचे, तू पाढे म्हणायचीस, आणि आपल्यातली एकही कधी प्रार्थनेत आडवी झाली नाही.

असो. तू विचारलंस म्हणून सांगितलं. उद्या शेजारी बसून बघते. तुझं ऐकून नव्हे, ओट्यापाशी उभं राहून माझेही गुडघे दुखतात.

थोरली


रविवार, ७ सप्टेंबर

बटण,

पहिल्या दिवशी फजिती झाली. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले, तर तुझी नात अशी दचकली, जसं काही मी तिच्या वर्गात येऊन बाकावर बसले.

“मोठी आजी, काय झालं?”

“काय व्हायचंय? माझंच टेबल आहे.”

“पण तू तर तिथे उभी असतेस ना.”

“आज इथे आहे.”

मी माझ्यासाठीही अंडं घेतलं होतं, पहाटेचं खाणं मुद्दाम टाळून. भूक कडकडून लागली होती. पण मीठ तिच्या बाजूला. आता मी मागणार आहे थोडीच? साठ वर्षांची सवय. मी बिनमिठाचं अंडं खायला सुरुवात केली. पोरगी बघत होती.

“मीठ नको तुला?”

“हवंय.”

“मग माग ना! केवढं लांब तोंड करून खातेयस.”

“नाश्त्याला मागायचं नसतं,” मी म्हटलं, आणि मग सांगणं आलंच. टेबल, झोपाळू, लापशी, घड्याळ सिस्टर, सगळं. तू सहा वर्षांची होतीस हे तिला खरं वाटेना. तिने मला पुन्हा विचारलं, “आजी? माझी आजी? रडायची?” मी म्हटलं, “नुसती हनुवटी हलवायची, रडण्यापेक्षा वाईट.” तिने स्वतःच्या हनुवटीच्या पट्टीला हात लावला. मग मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली आणि फर्मान काढलं की उद्यापासून या टेबलावर तोच नियम.

बसपर्यंत वेळ थोडाच होता, म्हणून त्या दिवशी तिने अर्धं केळं खाल्लं. अर्धंच. पण माझ्यासमोर, चावून, गिळून.

आता रोज सकाळी काय चालतं ते तू बघायला हवं होतंस. ती माझ्या ताटलीवर पहारा ठेवते. माझा टोस्ट संपायच्या आत विचारते, “तुला हवा का?” मी “नको, तुला?” म्हटलं की ती घेते. माझी ताटली रिकामी दिसली की तिला चैन पडत नाही. आणि मला खायला लावायचं तर स्वतःला खावं लागतं, कारण मीही हट्टाने तिच्या ताटलीकडेच बघत बसते. दोन्ही बाजूंनी कोंडी. परवा तिने दाण्यांची चिक्की की काय ती आणली, मैत्रिणीच्या आईने केलेली, आणि मला कवळी सांभाळत ती खावी लागली. अंगाला लागतंय हं, माझ्या. साडी कमरेला आवळते आहे.

जरा बोलायलाही लागली आहे. मी विचारलं नव्हतं, तरी काल लोणी लावता लावता म्हणाली, “मोठी आजी, तू तिथून बघत उभी असायचीस ना, तेव्हा मला वाटायचं तोंडी परीक्षा चाललीय. घास आत जायचाच नाही.”

“मग सांगायचंस तसं.”

“तुला?” असं म्हणून ती हसली. मी काय ते समजले.

पुढे म्हणाली, “वर आई नसते. खाली तू आधीच खाऊन मोकळी. एकटीने काय बसून खायचं? आणि वर्गात कोणीच खाऊन येत नाही. मी खाल्लं असं म्हटलं तर म्हणतात, बेबी आहे ही.”

मी म्हटलं, “त्या सगळ्या वर्गात पहिल्या तासाला काय करतात?”

जरा विचार करून म्हणाली, “जांभया देतात. आणि भांडतात.”

“मग बेबी कोण?”

यावर तिने कप उचलला आणि दूध प्यायली. साय काढून. सायीचा तिला मनस्वी तिटकारा आहे, हे मला इतक्या महिन्यांत कळलं नव्हतं, कारण मी कपात जे ओतायचे ते ओतायचे. विचारणं माझ्याकडून झालं नव्हतं. मी वाढण्यात मग्न होते. हे तुझ्या लेकीला सांगू नकोस.

आणि आज सकाळी, रविवार असल्यामुळे बसची घाई नव्हती, तर पाय खुर्चीवर घेऊन तिने विचारलं, “तू आणि आजी बोलत का नाही?”

मी म्हटलं, “कोपर टेबलावरून काढ.”

“काढलं. आता सांग.”

ही पोरं पूर्वीसारखी टळत नाहीत. म्हणून मी तिला जे सांगितलं तेच तुलाही लिहिते, म्हणजे तुला दोन ठिकाणांहून दोन गोष्टी ऐकायला नकोत.

हे गेले तेव्हा घरात माणसांची रीघ लागली होती. यांच्या ऑफिसातले, माझ्या एक्स्चेंजमधल्या बायका, शेजारीपाजारी. तुझ्या लेकीने विचारलं, मावशी, आईला काय कळवू? मी म्हटलं, लिही, ‘इथे सगळं नीट चाललंय. तुला सवड असेल तर ये.’ आणि मी दाराकडे तोंड करून बसले. दर वेळी बेल वाजली की मला वाटायचं, ही बटण. शेवटी आलं ते तुझं पत्र. छान अक्षरात, सांत्वनाचं. असं पत्र जे आपण दूरच्या ओळखीच्यांना लिहितो.

तुझा नवरा गेला तेव्हा मी कोणाच्या निरोपाची वाट बघितली नव्हती. होते तशी निघाले होते, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून. ते तू विसरलीस म्हणून मी तुझ्याशी बोलणं सोडलं. मला अजूनही ते चुकीचं वाटत नाही.

तुझी नात ऐकून घेत होती. मग म्हणाली, “पण मोठी आजी, ते तर दुधाचं झालं.”

“कसलं दुधाचं?”

“तुला आजी हवी होती. आणि तू विचारलंस, तुला यायचंय का. आजीला वाटलं असेल, तू खरंच विचारतेयस.”

मी तिला म्हटलं, ऊठ, ताटल्या घासायला घे. पण बटण, तुझ्यासारखी युक्ती शोधून काढणाऱ्या बाईला ते कळायला नको होतं? अख्खं टेबल शिकवलंस तू. मी बोर्डिंगमधल्या शब्दांत निरोप धाडला, आणि तू तो बाहेरच्या माणसासारखा वाचलास. तुझी शेजारीण तुला विचारत होती. तू म्हणायला हवं होतंस, ‘नको. तुला हवी का मी?’

ताई
(पेन चालवता चालवता जुनी सही पडली. खोडत नाही, कागद खराब होतो.)


शनिवार, ११ ऑक्टोबर

बटण,

काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. काटा बऱ्यापैकी पुढे सरकलाय. रक्तही सुधारलंय, गालांवरून मला ते आधीच कळलं होतं. बाईंनी विचारलं, “आता काय खातेस सकाळी?” तर तुझी नात म्हणाली, “मोठी आजी विचारेल ते. आणि मी तिला विचारते ते ती खाते.” बाईंना काही बोध झाला नाही, पण त्यांनी फाइल मिटली. बाहेर आल्यावर तुझ्या लेकीने पायरीवरच माझा हात धरला आणि म्हणाली, “मावशी, राहू दे हिला इथेच.” मी म्हटलं, बघ बाई, तुझ्या सोयीचं बघ. पण घरी आल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले होते, हे तुला सांगायला हरकत नाही.

म्हणजे मी जिंकले. आज दुपारी तुझं पत्र आलं, तुझ्या लेकीने तुला आधीच फोनवर सांगितलं होतं वाटतं. या वेळी अख्खं पान आहे. मी ते किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

तू लिहितेस, ‘बरं झालं. पोरीसाठी खोली आवरली होती, तिचे नवे पडदे उतरवून ठेवते. त्या निरोपाचं म्हणशील तर मला वाटलं होतं, तुझ्याकडे इतकी माणसं आहेत, तुला माझी काय गरज. मी पिशवी भरून ठेवली होती. ये म्हणालीस की निघायचं म्हणून. ती पिशवी भरलेली तशीच बरेच दिवस दाराशी होती.’

दोघी आपापल्या दाराशी बसलेल्या.

आणि पुढे, शेवटाला, सहज लिहावं तसं लिहिलंयस, ‘माझं काय, खिडकीशी उभ्याने चहा घेतला, त्यात बिस्किट बुडवलं, की झाली माझी सकाळ. एकटीसाठी कोण अंडं उकडतंय.’

बटण, मी भिंतीकडच्या टेबलावरून तुझी वाटी बघितली आहे. मला कळतं. पोरीची आबाळ होते म्हणून तुला ती हवी होती असं नाही, तुला टेबलाशी कोणीतरी हवं होतं. आणि ते मी तुझ्या तोंडातून काढून घेतलंय. नात माझ्याकडे राहिली याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही, पण आज सकाळी तिने “तुला टोस्ट हवा का” म्हणून विचारलं तेव्हा मला तो गोड लागला नाही.

या पत्राचा पहिला कागद मी फाडला. त्यात लिहिलं होतं, ‘सहामाहीच्या सुट्टीत तुला सवड असेल, तर ये. इथे हवा बरी आहे.’ तुझी नात माझ्या खांद्यावरून वाचत होती, जे सभ्य मुली करत नाहीत. तिने बोट ठेवलं.

“मोठी आजी! परत दुधाचं.”

“मग कसं लिहू?”

“माग ना सरळ.”

“मला नाही येत.”

“त्यात काय? हवी आहे म्हणायचं आणि थांबायचं.” आणि समोर खुर्ची घेऊन बसली, मी लिहिते की नाही ते बघत. तिला म्हटलं, समोर नको बसूस, मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं. तर खुर्ची उचलून शेजारी आली. आता मला सुटका नाही.

बटण, मला तू इथे हवी आहेस. नातीसाठी नाही, तिचं माझ्याकडे नीट चाललंय. तुझ्या तब्येतीसाठीही नाही. माझ्यासाठी. मला सकाळी टेबलाशी तू हवी आहेस. तू पुस्तकाचं पान उलटतेस तसं टोस्ट उलटतेस ते मला बघायचंय. या पोरीला आपल्या बोर्डिंगच्या गोष्टी सांगताना अर्ध्या गोष्टी मला आठवत नाहीत, आणि दुरुस्त करायला कोणी नाही. आज सकाळीच मी झोपाळूचं पुढे काय झालं ते ठोकून दिलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, ताई, खोटं.

ये. तुला सवड आहे का, तुला जमेल का, हे मी विचारत नाही.

सुट्टीपुरती नको येऊस. सुट्टी संपली, पोरीची शाळा सुरू झाली, तरी जाऊ नकोस. हे जास्त मागणं झालं, हे मला कळतंय. तरी मागते.

ताई